बसून पाहिलेली सायकल

आमच्या घराण्याचा धंदा बसण्याचा. लोक त्याला पौरोहित्य म्हणतात, म्हणोत बापडे. मंत्र काय, पाठ असले की कुणीही म्हणेल. पण भल्या पहाटे गंगेवर, म्हणजे नाशकात गोदावरीवर, जाऊन पाटावर मांडी घालायची आणि समोरच्या यजमानाचे झाडून सगळे पितर तृप्त होईपर्यंत तसूभर हलायचं नाही, ही विद्या रक्तात असावी लागते. माझे पणजोबा म्हणे एकदा श्राद्ध सांगायला बसले असता गोदावरीला पूर आला. घाटावरचा दुतोंड्या मारुती कमरेपर्यंत बुडाला, भांडीबाजारातली पातेली ओळीनं पोहत निघाली, पण पणजोबा विधी पुरा होईपर्यंत उठले नाहीत. पाणी त्यांना वळसा घालून पुढे गेलं. यजमान मात्र वळसा घालण्याइतका भारदस्त नव्हता. तो खाली तपोवनात सापडला, हातातला दर्भ तसाच घट्ट धरलेला. ही गोष्ट आमचे काका सांगत. काकांच्या गोष्टीतलं निम्मं पाणी उपसून टाकलं तरी उरलेल्यात माणूस बुडेल, पण त्यातला बसण्याचा भाग अगदी खरा होता. वडील आणि काका दोघंही असे बसत की कबुतरं विश्वासानं खांद्यावर येत.

अशा घरात मला अंबडला कारखान्यात नोकरी लागली.

ऐंशी सालानंतरची ती पहिली वर्षं. अंबडला नवनवे कारखाने उभे राहत होते आणि आयटीआय झालेल्या पोरांना बोलावणी येत होती. वडिलांना आम्ही सगळे अण्णा म्हणत असू. त्यांनी बातमी शांतपणे ऐकली. काका मात्र हादरले.

"काम काय तिथे?"

"लेथवर. लोखंड कातायचं."

"बसून?"

"नाही. उभ्यानं."

"दिवसभर?" काकांनी आईकडे पाहिलं. "वहिनी, ऐकताय ना? आपल्या घरातला मुलगा दिवसभर उभा राहणार! असा काय गुन्हा केला यानं?"

अण्णा एवढंच म्हणाले, "सहा महिने कच्ची नोकरी आहे ना? जा. बघू. तुझा पाट मी तोवर कुणाला देत नाही."

त्या वाक्यात सगळं आलं. गंगेवर आमच्या छत्रीखाली तीन पाट मांडलेले असत, अण्णांचा, काकांचा आणि तिसरा माझा, मी मुंज झाल्यापासून सुट्टीत बसायचो तो. अण्णांनी नाही म्हटलं नव्हतं. ते फक्त वाट बघणार होते. आणि वाट बघण्यात, म्हणजे शेवटी बसण्यातच, त्यांना हरवणारा माणूस नाशकात जन्मला नव्हता.

कारखान्याचा नियम कडक. सकाळी सातला भोंगा. भोंग्याचा आवाज विरेपर्यंत जो आत तो आत, मग फाटक बंद. कच्च्या माणसाला तीनदा फाटक बंद सापडलं की त्यानं चौथ्यांदा यायची तसदी घ्यायची नाही. पंचवटीतून अंबड म्हणजे गावाचं एक टोक सोडून दुसऱ्या टोकाच्याही पलीकडे. पहिल्या पाळीला बसनं जायचं तर मध्ये बदलावी लागणार आणि एक जरी चुकली की संपलं. तेव्हा सायकल हवी. आजवर मी तासाच्या भाड्याच्या सायकलींवर शिकलो होतो, म्हणजे वेगवेगळ्या गल्ल्यांत पडलो होतो. स्वतःची अशी ही पहिलीच असणार होती.

माझी निवड कधीच झालेली होती. मेन रोडच्या मागच्या गल्लीत एक सायकलचं दुकान होतं. तिथे दर्शनी भागात एक निळी रेसर टांगलेली असायची. मेंढ्याच्या शिंगांसारखं खाली वळलेलं हँडल, बोटाएवढे टायर, आणि सीट अशी निमुळती की एखाद्या बगळ्यानं आपल्या मापानं करवून घेतली असावी. कॉलेजच्या दिवसांत मी त्या दुकानावरून इतक्या वेळा गेलो होतो की त्या गल्लीत माझ्या चपलांची वाट पडली होती.

"सायकल रोजच्या वापराची आहे," अण्णा म्हणाले, "तेव्हा सुखाची हवी. मी बघायला येतो."

"मीही येतो," काका म्हणाले. "दोघं बसू."

या 'बसू'चा अर्थ मला दुकानात गेल्यावर कळला.

दुकानदार शेठ भला माणूस. गुरुजी मंडळी आली म्हणून त्यानं चहा मागवला. अण्णांनी पहिली सायकल स्टँडवर उभी करायला लावली, तिची सीट उपरण्यानं पुसली, बाहेर चपला काढल्या, काष्टा आवरला आणि ते वर चढून बसले. पाठ ताठ, हात गुडघ्यांवर, डोळे मिटलेले. शेजारच्या सायकलीवर काका, तसेच.

"गुरुजी, पायडल मारून बघा ना," शेठ म्हणाला.

अण्णांनी डोळे न उघडता एक हात वर केला. थांबा.

चहा आला, निवला, त्यावर साय धरली. पंक्चर काढायला आलेलं एक गिऱ्हाईक कुजबुजत्या आवाजात बोलू लागलं. रस्त्यानं चाललेल्या एका बाईनं आत डोकावून पाहिलं, पिशवी खाली ठेवली आणि दोघांना मनोभावे नमस्कार केला. काका एवढे लबाड की त्यांनी डोळे मिटलेलेच ठेवून तिला आशीर्वादही दिला. अखेर अण्णांनी डोळे उघडले.

"ही सत्यनारायणापुरती ठीक आहे. लघुरुद्राला टिकणार नाही."

"माझीवर श्राद्ध होईल," काका म्हणाले, "पण यजमान घाईतला हवा."

असं दुपारभर चाललं. दुकानातल्या एकूण एक सायकली या दोघांनी बसून पाहिल्या. कुणाला डावीकडे कल होता, कुणी मांडीखाली रुतत होती, एकीबद्दल काकांचं म्हणणं पडलं की हिच्यावर माणसाला वाईट विचार येतात. शेवटी मी धीर करून वरच्या निळीकडे बोट दाखवलं.

शेठनं ती उतरवली. अण्णा तिच्यावर बसले असं म्हणता येणार नाही. अडकले म्हणता येईल. हँडल धरायला हात खाली गेले, पाठ पुढे झुकली, टोपी नाकावर आली.

"हे काय रे? यावर बसलं की माणूस रस्त्याला नमस्कार करतो!"

"मग अंबडपर्यंत लोटांगणच घाल की," काका म्हणाले. "पुण्य तरी लागेल."

"अण्णा, रेसरवर असंच वाकून बसतात."

"कणा वाकला की श्वास अडतो. श्वास अडला की उच्चार गेला."

"मला मंत्र म्हणायचे नाहीत, पायडल मारायचंय."

"त्याला श्वास लागत नाही?"

आणि तेवढ्यात काकांना कोपऱ्यात ती दिसली.

ती काळी होती, उंच होती, आणि शेठनं ती म्हणे कुणा दूधवाल्यासाठी मुद्दाम मागवली होती. तो दूधवाला ती बघून परत आलाच नव्हता. तिचं वजन एवढं की तिला स्टँडवर घ्यायला शेठ आणि पंक्चरवालं गिऱ्हाईक दोघं लागले. हँडल छातीएवढं उंच. आणि सीट! सीट कसली, चौरंगच तो. जाड चामडं, खाली नारळाएवढ्या दोन स्प्रिंगा. अण्णा वर बसले आणि त्यांच्या चेहऱ्यावर असं समाधान पसरलं जे मी एरवी फक्त पुरणपोळीनंतर पाहिलं होतं. थोड्या वेळानं त्यांचा श्वास इतका लयीत आला की काकांनी त्यांना हळूच हलवलं.

"ही!" अण्णा जागे होत म्हणाले. "हिच्यावर महारुद्र होईल."

मलाही बसवलं. आणि खरं सांगतो, बसल्यावर उठवेना. शेवटी मीही त्याच घरातला. रेसर, कॉलेज, मेंढ्याची शिंगं, सगळं त्या चामड्यात विरघळून गेलं.

शेठ बिचारा अजून सांगत होता, "अहो, घ्यायच्या आधी एकदा गल्लीतून चालवून तरी बघा!"

अण्णांनी त्याच्याकडे कीव आल्यासारखं पाहिलं. "जी बसल्या जागी सुख देत नाही, ती चालून काय देणार?"

यात कुठे चूक आहे ते दुकानात आम्हा तिघांपैकी कुणालाही दिसलं नाही. मला ते पुढच्या सोमवारी होळकर पुलाच्या चढावर दिसलं.

आषाढ चालू होता. वारा अंबडकडूनच यायचा, जणू त्याचीही तिकडे रात्रपाळी सुटली असावी. मी उंच हँडल धरून, अण्णांच्या शिकवणीप्रमाणे पाठ ताठ ठेवून निघालो की छातीवर तो वारा भरायचा आणि मी शिडाच्या होडीसारखा उलटा नाशकाकडे सरकू लागायचो. रविवार कारंजाच्या चढावर डोक्यावर भाजीची पाटी घेतलेली बाई मला मागे टाकून गेली. वर थांबून म्हणाली, "दादा, उतरा की. तिलाबी बरं वाटंल." सीट एवढी रुंद की दोन्ही मांड्या तिच्या कडांवर घासत. आणि त्या स्प्रिंगा! मुंबई नाक्यापाशी एका खड्ड्यात गेलो तर स्प्रिंगांनी मला एवढं उंच उडवलं की मला पाथर्डी फाट्यापर्यंतचा सगळा रस्ता एका नजरेत दिसला, आणि किती उरलाय ते बघून खाली यायची इच्छाच होईना.

फाटकावर पहारेकरी होता, नामपूरकडचा. बोलणं अहिराणी, मिश्या मळ्यातल्या कुंपणासारख्या. फाटक बंद करून तो माझ्या सायकलीभोवती एक प्रदक्षिणा घालून आला.

"काय भाऊ, हाई सायकल शे का बाज शे?"

पहिला उशीर तो. पुढचे काही दिवस मी इतका लवकर निघालो की गल्लीतली कुत्रीही भुंकण्याआधी घड्याळ बघत, आणि कसाबसा पोचलो. मग एक दिवस वारा जरा जास्त झाला आणि फाटक पुन्हा बंद.

"आज बी बाजवर जपी गया का?" म्हणजे झोप लागली होती का, असं तो अगदी मायेनं विचारत होता.

दोन झाले. आता एकच उरला.

घरी आई माझं चालणं बघून म्हणाली, "एवढी सुखाची सायकल आणतोस, आणि चालतोस असा फेंगडा का रे?" काकांनी तर जेवायला बसताना माझा गंगेवरचा पाट घरी आणून माझ्यासाठी मांडला. "सवय राहू दे. लवकरच लागणार असं दिसतंय."

मला रडू यायचं बाकी होतं. कारण गंमत जाऊ द्या, मला ते काम आवडायला लागलं होतं. लेथवर लोखंडाचं साल सोलून निघतं, निळं, गरम, गोल वळत वळत, ते बघायला मी आठ तास सोडा, सोळा तास उभा राहिलो असतो. आणि ते हातचं जाणार होतं एका चौरंगापायी.

"अण्णा, सायकल बदलू या," मी म्हणालो.

"सायकलीत दोष नाही. मी तिच्यावर बसलोय. दोष तुझ्या बसण्यात आहे." मग थोडा विचार करून, "उद्या मी येतो. मागे बसून बघतो, तुझं काय चुकतं ते."

"अण्णा, उद्या उशीर झाला तर माझी नोकरी जाईल!"

"म्हणूनच येतो."

दुसऱ्या दिवशी सकाळची यजमान मंडळी काकांवर सोपवून अण्णा कॅरिअरवर बसले. एका बाजूला पाय, मांडीवर पूजेची पिशवी, कारण पिशवीशिवाय त्यांना बाहेर पडताच येत नसे. निघालो.

"पाठ ताठ," अण्णा मागून म्हणाले. मी पाठ ताठ केली. पूल आला, चढ आला. सायकल आधीच म्हशीएवढी, त्यात अण्णा. अण्णा बारीक होते, पण बसले की जड होत. पुन्हा तीच घराण्याची विद्या. शालिमारला मला धाप लागली. मुंबई नाक्याला डोळ्यांपुढे असे काजवे चमकले की रस्त्यावरचे दिवे मालवायला हरकत नव्हती. आणि पुढे मोकळ्या रस्त्यावर वारा आला. सायकल चालते आहे की उभी आहे हे रस्त्याकडेच्या खांबाकडे बघून ठरवावं लागत होतं. खांब बराच वेळ तोच होता.

"किती वाजले रे?" मागून आवाज आला.

मी सांगितलं.

"आणि तिथे किती वाजता?"

"सातला. भोंगा विरला की फाटक बंद."

आता एक गोष्ट सांगतो, ती काकांची नाही. अण्णांनी आयुष्यात मुहूर्त चुकू दिला नव्हता. लग्नघरी नवरी रुसलेली, नवरदेव हरवलेला, बँडवाले भांडलेले, काहीही असो, अंतरपाट ठरल्या घटकेला खाली पडणारच. यजमान, पितर, देव कुणी थांबला तरी चालेल, पण वेळ निघून जाते आहे आणि आपण काही करत नाही, हे त्या माणसाच्या सहनशक्तीबाहेरचं होतं. मला मागे त्यांची चुळबूळ जाणवली. चुळबूळ! आमच्या घरात! पणजोबांपासून कुणी केली नसेल.

"पाठ ताठ," अण्णा पुटपुटले, पण त्यात आता दम नव्हता. मग जरा वेळानं, "वाऱ्याला छाती कशाला दाखवतोस?" आणि मग एकदम, सगळ्या आग्रा रोडला ऐकू जाईल अशा आवाजात, "वाक! अरे गाढवा, वाक! सात वाजतील!"

नुसतं बोलून थांबले नाहीत. त्यांनी माझ्या मानेवर हात ठेवला आणि मला खाली दाबलं. माझी हनुवटी हँडलला टेकली, कोपरं आत गेली, वारा डोक्यावरून निघून गेला आणि ती काळी म्हैस पहिल्यांदा सायकलीसारखी पळाली. अण्णांचं उपरणं मागे झेंड्यासारखं फडकत होतं. दोन टेम्पो आम्ही मागे टाकले. त्यातला एक उभा होता हे मी एरवी सांगत नाही.

भोंगा सुरू झाला तेव्हा फाटक समोर दिसत होतं. पहारेकरी हात फाटकावर ठेवून ओरडत होता, "आज ते बाजवर पाव्हना बी शे!" पण त्यानं फाटक लोटलं नाही. भोंग्याच्या शेपटाला धरून मी सायकल आणि अण्णा दोघांनाही तिथे टाकलं आणि आत पळालो.

पाळी सुटल्यावर बाहेर येतो तर अण्णा पहारेकऱ्याच्या स्टुलावर, मांडी घालून. आजूबाजूला पाचसात माणसं. मी नसताना त्यांनी काय केलं होतं? तर शेजारच्या छोट्या कारखान्याचा मालक बाहेर उभा राहून आपल्या नव्या ड्रिलिंग मशीनच्या कटकटी कुणाला तरी सांगत होता. अण्णांनी सहज विचारलं, बसवलं कधी? मालकानं वार सांगितला. अण्णांनी नुसता एक सुस्कारा सोडला. तेवढ्यावर दुपारी मशीनची पूजा झाली. पिशवी होतीच. आता दुसऱ्या दोघांनी पुढच्या आठवड्याचं विचारलं होतं.

घरी परतताना वारा पाठीशी होता. गंगा दिसू लागल्यावर अण्णा म्हणाले, "ती मेंढ्याची आहे का रे अजून दुकानात?"

होती. शेठनं आम्हाला बघून घाईघाईनं चहा मागवला आणि स्टूल पुढे केलं. पण अण्णा बसले नाहीत. रस्त्याच्या कडेला उभे राहिले आणि मला गल्लीतून फेऱ्या मारायला लावल्या. गंगेवरून आमच्याबरोबर आलेले काका अविश्वासानं त्यांच्याकडे बघत होते.

"थांब. पाठीतून वाकू नकोस, कमरेतून वाक. यजमान लोक साष्टांग नमस्कार घालताना हेच करतात, पाठ मोडतात आणि मग घरी जाऊन लेप लावतात. हां. कोपर ताठ का? काय ढकलतोयस? मोकळं सोड. शेठ, हँडल थोडं वर घ्या, पोरगा खेचला जातोय. सीट बारीक आहे, असू द्या. मांडी घासत नाही ना रे? मग झालं."

इतका वेळ उभं राहिलेलं मी अण्णांना प्रथमच पाहिलं. त्या बगळ्याच्या सीटवर मी नंतर कित्येक वर्षं अंबडला गेलो, आणि पहिले आठ दिवस सोडले तर ती मला कधी बोचली नाही. काळी काकांनी ठेवून घेतली. ती अंगणात स्टँडवर उभी असे आणि संध्याकाळी काका तिच्यावर बसून जपाला लागत. उत्तम जप व्हायचा म्हणे.

सहा महिन्यांनी नोकरी पक्की झाली. त्या दिवशी अण्णांनी माझा पाट काकांच्या मुलाला देऊन टाकला. मला विचारलंही नाही. फक्त दुसऱ्या दिवशी मला घेऊन शेठकडे गेले आणि म्हणाले, "या रेसरला कॅरिअर लावा."

शेठला चहाचा ठसका लागला. "गुरुजी, रेसरला कॅरिअर? लोक हसतील दुकानाला!"

"अंबडला माझी सात यंत्रं आहेत," अण्णा म्हणाले. "चालत जाऊ का?"

तेव्हापासून ज्या दिवशी पूजा असेल त्या दिवशी अण्णा माझ्यामागे. मुंबई नाका ओलांडला की वारा सुरू व्हायचा. मी हँडलवर वाकायचो, आणि मागे अण्णाही वाकायचे. त्यांची टोपी माझ्या पाठीला टेकलेली मला कळायची. पिशवीतली घंटा खड्ड्याखड्ड्याला वाजे. पाथर्डी फाटा येईपर्यंत दोघांपैकी कुणी काही बोलत नसे, कारण श्वास खरोखरच पुरत नसे.